पाटल्या मोडल्या, सोनं तेच राहिलं का?



दशलक्षण पर्व संपत आलं की दरवर्षी फोनवर क्षमावाणीचे तयार संदेश यायला लागतात. जोडलेले हात, कमळाचं फूल आणि खाली क्षमेच्या चार ओळी. मीही ते पुढे पाठवते. एका बोटाने दोनशे जणांची क्षमा मागून होते. यंदा मात्र एका नंबरावर तो संदेश पाठवायला माझं बोट धजेना. तो नंबर माझ्या नणंदेचा, अकोल्याच्या ताईंचा. दीड वर्ष आमचं बोलणं बंद होतं. त्याचीच ही गोष्ट. पण ती सांगायची तर आधी एका कोड्यापासून सुरुवात करावी लागेल.

धाकटी लेक पुण्याला शिकते. गणपतीच्या सुट्टीत ती अमरावतीला आली तेव्हा आमचं पर्व चालू होतं. दिवस मावळायच्या आत सगळ्यांना जेवू घालायची माझी धांदल. कांद्याशिवायचं पिठलं आणि भाकरी वाढत होते, तेवढ्यात ती म्हणाली, "आई, एक कोडं सांगू? एका घरात एक बाई आहे. घरातले जे लोक आपलं ताट आपण वाढून घेत नाहीत, त्या सगळ्यांना ती वाढते. आणि फक्त त्यांनाच वाढते. तर मग त्या बाईचं ताट कोण वाढतं?"

मी म्हटलं, "कोणी नाही. ती उभ्या उभ्या तव्यावरची शेवटची भाकरी खाते."

सगळे हसले. पण लेक म्हणाली, तसं नाही, नीट विचार कर. ती स्वतःचं ताट स्वतः वाढून घेत असेल, तर नियमाप्रमाणे तिने स्वतःला वाढायला नको. आणि ती स्वतः वाढून घेत नसेल, तर नियमाप्रमाणे तिने स्वतःला वाढायलाच हवं. 'हो' म्हटलं की 'नाही' होतं आणि 'नाही' म्हटलं की 'हो'. मूळ कोडं न्हाव्याचं आहे म्हणे. गावात जे स्वतःची दाढी करत नाहीत, त्या सगळ्यांची आणि फक्त त्यांचीच दाढी करणारा न्हावी, त्याची दाढी कोण करतो? बर्ट्रांड रसेल या इंग्रज तत्त्वज्ञाच्या नावाने ते प्रसिद्ध आहे. लेकीने ते माझ्यासाठी स्वयंपाकघरात आणलं होतं.

"मग उत्तर काय?" मी विचारलं.

"उत्तर असं की अशी बाई असूच शकत नाही. नियमच चुकीचा आहे."

भाकरी थापता थापता हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. आपण किती वर्षं उत्तर शोधत राहतो, आणि चूक नियमातच असते!

मग तिने दुसरं कोडं सांगितलं, ग्रीकांचं. थीसियस नावाच्या वीराचं जहाज अथेन्सच्या लोकांनी आठवण म्हणून जपून ठेवलं होतं. फळी कुजली की ती काढायची आणि नवी बसवायची. असं करता करता बऱ्याच फळ्या बदलल्या. मग ते जहाज थीसियसचंच राहिलं की दुसरं झालं? प्लुटार्कने लिहून ठेवलंय की तत्त्वज्ञांमध्ये यावरून दोन तट पडले होते. पुढे सतराव्या शतकात थॉमस हॉब्जने त्यात भर घातली. काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणी गोळा करून त्यांचंच पुन्हा जहाज बांधलं, तर खरं कोणतं?

लेक हे हसत सांगत होती. माझा हात मात्र थांबला. मला सासूबाईंच्या पाटल्या आठवल्या.

पाटल्या चार तोळ्यांच्या होत्या. सासूबाईंनी त्या लग्नापासून कधी काढल्या नाहीत. जाताना त्यांनी त्या माझ्या हाती दिल्या. थोरलीचं लग्न ठरलं तेव्हा सोन्याचे भाव ऐकूनच घाम फुटत होता. नवं सोनं घ्यायची ऐपत नव्हती असं नाही, पण घरात पडलेलं असताना कशाला, असा विचार केला आणि पाटल्या मोडून लेकीला हार केला. सराफाकडे जायच्या आधी मी यांना विचारलं. हे म्हणाले, "कर. वजन नीट करून घे म्हणजे झालं." ताईंना विचारायचं मला सुचलंच नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं, पण मी ते बाजूला सारलं. दागिना सुनेकडे आला की सुनेने ठरवायचं, लग्न होऊन गेलेल्या लेकीला विचारायचं नाही, हा आपल्याकडचा नियम. तो मला सोयीचा होता.

लग्नाच्या दिवशी ताईंनी माझ्या हाताकडे पाहिलं. "वैनी, आईच्या पाटल्या कुठी आहेत?"

मी हौसेने नवरीच्या गळ्याकडे बोट दाखवलं. ताईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "मोडल्या?" मांडवात बायका ऐकत होत्या. मला कमीपणा वाटला, आणि मी जे बोलू नये ते बोलले. म्हटलं, "ताई, तुम्ही तर रोज स्वाध्याय करता. द्रव्य तेच आहे, फक्त पर्याय बदलला."

मैत्रिणींनो, वाक्य शास्त्राला धरून होतं. तत्त्वार्थसूत्रात सत् म्हणजे काय ते सांगताना उमास्वातींनी तीन गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत: उत्पन्न होणं, नाश पावणं आणि कायम राहणं. हार उत्पन्न झाला, पाटल्या नाश पावल्या, सोनं कायम राहिलं. ग्रीकांच्या जहाजाला आपल्याकडचं उत्तर हेच. द्रव्याच्या अपेक्षेने तेच, पर्यायाच्या अपेक्षेने वेगळं. कोणत्या अपेक्षेने विचारता ते आधी सांगा, मग 'हो' आणि 'नाही' एकमेकांवर आदळत नाहीत. म्हणजे लेकीची दोन कोडी दोन जातींची होती. ताटाच्या कोड्यात नियम चुकीचा. जहाजाच्या कोड्यात प्रश्न अर्धवट.

पण शास्त्राला धरून बोललेलं वाक्य ताईंना का लागलं, हे मला दीड वर्ष कळलं नाही. कळलं ते या पर्वात, स्वाध्यायाला बसल्यावर. आचार्य समंतभद्रांच्या आप्तमीमांसेत सोन्याचाच दृष्टांत आहे. तुमच्यापैकी अनेकींनी तो ऐकला असेल. सोन्याचा घट मोडून त्याचा मुकुट केला. ज्याला घट हवा होता त्याला दुःख झालं. ज्याला मुकुट हवा होता त्याला आनंद झाला. ज्याला नुसतं सोनं हवं होतं त्याला ना दुःख ना आनंद. आणि आचार्य म्हणतात की या तिघांचं असं होणं विनाकारण नाही. त्याच्याच पुढे दह्यादुधाचा दृष्टांत येतो. ज्याने फक्त दूध घ्यायचं व्रत घेतलंय तो दही खात नाही, ज्याने दह्याचं व्रत घेतलंय तो दूध पीत नाही, आणि ज्याने गोरसच सोडला तो दोन्हीला शिवत नाही. रसत्याग करणाऱ्या आपल्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायची गरजच नाही.

मी तो दृष्टांत अनेकदा ऐकला होता. यंदा पहिल्यांदा त्यात माणसं दिसली. घट हवा होता त्या ताई. मुकुट हवा होता ती माझी थोरली. आणि सोनं हवं होतं ते आमचे हे, ज्यांनी फक्त वजन विचारलं. तिघांचं तीन तऱ्हेचं, आणि तिघांचंही सकारण. ताईंचं रडणं हे अज्ञान नव्हतं. पाटल्या खरोखरच नाश पावल्या होत्या. मी 'कायम राहणं' तेवढं धरलं आणि 'नाश पावणं' गिळून टाकलं. आपल्याकडे याला शब्द आहे. एका बाजूने पाहणं म्हणजे नय. पण आपली बाजू धरून दुसरी बाजू नाकारली की तो नय राहत नाही, नयाभास होतो. मी मांडवात अनेकांताचं नाव घेऊन एकांत बोलले.

आणखी एक सांगते, आतापर्यंत घरातही कोणाला सांगितलं नव्हतं. सोनंही 'तेच' नव्हतं. पाटल्या वितळवल्यावर घट निघाली, टाक्याचं वजा झालं, आणि हार भरायला वर थोडं नवं सोनं घालावं लागलं. जहाजाच्या काही फळ्या बदललेल्याच होत्या. ज्या 'द्रव्य तेच'च्या जोरावर मी ताईंना गप्प केलं, तेही पूर्ण खरं नव्हतं. मला ते माहीत होतं, कारण सराफाची पावती माझ्याच पर्समध्ये होती.

आता थोडं घराबाहेरचं. माझं माहेर अकोल्याचं. लहानपणी बाबा आम्हाला शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला न्यायचे. पातूर, मालेगाव करत एसटीने जायचो. तेव्हा शिरपूर अकोला जिल्ह्यातच होतं, वाशिम जिल्हा वेगळा झाला तो १९९८ मध्ये. मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे अशी श्रद्धा, म्हणून नाव अंतरिक्ष. पण मी मूर्ती पाहिली ती झरोक्यातून. बाबांनी उचलून धरलं, मी एक डोळा मिटून आत पाहिलं, अंधारात काळंभोर काहीतरी दिसलं, आणि मागचे लोक "चला, चला" म्हणू लागले. "दार का लावलंय?" असं मी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "मोठ्यांचं भांडण आहे."

त्या भांडणाच्या मुळाशीही जहाजासारखाच प्रश्न आहे. मूर्ती वाळू आणि शेणाची आहे असं परंपरेने सांगतात, आणि ती झिजू नये म्हणून तिला वेळोवेळी लेप करावा लागतो. लेपाखाली मूर्ती तीच, पण डोळ्यांना दिसतो तो लेप. मग त्या लेपात कटिसूत्र आणि कछोट्याची खूण असावी की नसावी? श्वेतांबर समाजाचं म्हणणं असावी, आपलं दिगंबरांचं म्हणणं नसावी. १९०५ मध्ये दोन्ही समाजांनी पूजेच्या वेळा वाटून घेतल्या होत्या, तरी वाद थांबला नाही. खटला अकोल्याच्या कोर्टातून नागपूरला आणि तिथून थेट लंडनला गेला. प्रिव्ही कौन्सिलने १९२९ मध्ये निकाल दिला. त्यानंतरही वाद धुमसत राहिला, आणि १९८१ पासून मंदिराला कुलूप लागलं. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या फेब्रुवारीत दार उघडायला आणि लेप करायला परवानगी दिली, तेव्हा ४२ वर्षं झाली होती. दार उघडलं तरी मनं अजून पुरती उघडली नाहीत.

कोण बरोबर, यात मी पडत नाही. कायद्याचं कोर्ट बघेल. मला खुपतं ते वेगळंच. 'स्यात्' म्हणजे 'एका अपेक्षेने' हा शब्द जगाला देणारे आपण. पाठशाळेत हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट सांगणारे आपण. आणि एका पिढीचं लहानपण आपण झरोक्यातून दर्शन घेण्यात घालवलं. मला वाटतं, त्या हत्तीच्या गोष्टीतच एक फसगत आहे. गोष्ट ऐकताना आपण स्वतःला कधी आंधळ्यांमध्ये धरत नाही. आपण नेहमी पूर्ण हत्ती दिसणारा सातवा माणूस असतो. बाकीच्यांना शेपूट नि सोंड, आपल्याला हत्ती. मी मांडवात तेच केलं, आणि दोन्ही समाजांतल्या शहाण्यासुरत्या माणसांनी शिरपुरात तेच केलं.

धाकटीने हेच वेगळ्या तऱ्हेने विचारलं. "आई, सगळंच अनेकांत आहे म्हणता, मग हे म्हणणंसुद्धा एकांतच झालं ना?" मी गडबडले. आमच्या स्वाध्याय मंडळातल्या एका ज्येष्ठ बाईंनी सांगितलं की हा प्रश्न नवा नाही, समंतभद्रांनी स्वयंभूस्तोत्रात त्याचं उत्तर देऊन ठेवलंय: अनेकांतसुद्धा अनेकांतच आहे. प्रमाणाने, म्हणजे समग्र पाहिलं तर अनेकांत, आणि एखाद्या नयाने पाहिलं तर तिथे एकांतालाही जागा आहे. मला त्यातलं जेवढं कळलं ते असं की अनेकांताचा नियम पहिल्यांदा स्वतःला लावायचा. तो दुसऱ्याला शिकवायला घेतला की उलटा फिरतो.

काही जणी म्हणतील, मग काय, सगळ्यांचंच बरोबर? तुझंही बरोबर, ताईंचंही बरोबर, संपलं? नाही हो. हा तर अनेकांताचा सगळ्यात स्वस्त अर्थ. 'तुमचंही बरोबर, आमचंही बरोबर' म्हणून उठून जाणं म्हणजे भांडणाची कटकट टाळणं. अनेकांतात कष्ट आहेत. कोणत्या अपेक्षेने काय खरं, ते एकेक करून बोलावं लागतं. सोन्याच्या अपेक्षेने बहुतेक तेच. पाटल्यांच्या अपेक्षेने गेल्या, परत येणार नाहीत. आणि न विचारण्याच्या अपेक्षेने माझी चूक, त्यात दुसरी बाजू नाही. ताईंना न विचारण्याचा जो नियम मी पाळला, तो लेकीच्या ताटाच्या कोड्यासारखाच होता. त्याचं उत्तर शोधत बसण्यात अर्थ नव्हता, तो नियमच सोडायला हवा होता.

तर मी संदेश पाठवला नाही. सकाळची पूजा आटोपून अकोल्याची गाडी धरली. आमच्या अमरावती-अकोला रस्त्याचं कौतुक तुम्हाला माहीतच आहे. २०२२ च्या जूनमध्ये याच महामार्गावर ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज बुकात नाव गेलं. पाच दिवसांत एवढा रस्ता झाला, आणि मला त्यावरून ताईंच्या दारापर्यंत पोचायला दीड वर्ष लागलं. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव मंजू गेलं, काय बोलायचं ते मनात जुळवत होते. दारात पोचल्यावर सगळं विसरले.

ताईंनी दार उघडलं. मी उभ्यानेच म्हटलं, "ताई, पाटल्या मोडल्या. तेच सोनं वगैरे काही नाही. मोडल्याच. तुम्हाला विचारायला पाहिजे होतं, मी विचारलं नाही. आणि मांडवात वरून शास्त्र सांगितलं."

ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आत ये बाई, उन्हात उभी नको राहू."

पाणी दिलं. आणि मग पाटल्यांबद्दल बोलू लागल्या. उजव्या हाताच्या पाटलीला आतल्या बाजूने एक चेपा होता. ताई लहान असताना विहिरीवर पाय घसरला, आईने तिला एका हाताने धरलं आणि दुसरा हात काठाच्या दगडावर आपटला. तो चेपा. आई भाकरी थापायची तेव्हा दोन्ही पाटल्यांचा आवाज यायचा, त्या आवाजाने ताईंना सकाळी जाग यायची. मी त्या पाटल्या इतकी वर्षं कपाटात ठेवल्या, दोनदा वजन करून पाहिलं, पण चेपा मला कधी दिसला नव्हता.

मी म्हटलं, हार परत मोडून दोघींचं काही करू का? ताईंनी हात हलवला. "राहू दे. पोरीच्या गळ्यात शोभतो. आता तो तिचा." मग म्हणाल्या, "राग गेला असं नाही म्हणत मी. पण आलीस, बरं वाटलं." शास्त्रात अवक्तव्य म्हणून एक भंग सांगितलाय, 'आहे' आणि 'नाही' एकाच वेळी, एका शब्दात बोलता येत नाही असा. मला तो नेहमी पुस्तकी वाटायचा. ताईंच्या ओसरीत बसून वाटलं, राग आहे आणि नाही, हे याहून वेगळं कसं सांगणार?

शेवटी घरातलंच एक सांगणं. लग्नसराईत आपल्यापैकी किती तरी जणी जुना दागिना मोडायला निघतील. मोडा, हरकत नाही, सोनं त्याचसाठी असतं. पण सराफाकडे जायच्या आधी तिघांना बोलवा: घट हवा असणारीला, मुकुट हवा असणारीला आणि नुसतं वजन विचारणाऱ्याला. लग्न होऊन गेलेल्या लेकींनाही बोलवा. दागिन्याचा फोटो काढून ठेवा, आतल्या बाजूचासुद्धा. एखादा चेपा कुठून आला ते विचारा आणि लिहून ठेवा. सराफाची पावती लपवू नका. आणि मोडल्यावर कोणी रडलं, तर तिला द्रव्य-पर्याय समजावून सांगू नका. तिला ते आधीच माहीत असतं.

या वर्षी माझ्याकडून कोणाला तयार संदेश गेला नाही. ज्यांची क्षमा मागायची होती त्यांना एकेक करून फोन केले. अकरा झाले, अजून चार बाकी आहेत. त्यातल्या दोघींसमोर काय बोलायचं ते अजून जुळत नाही.

तुम्हा सगळ्यांना उत्तम क्षमा.